अपंगत्वाची पेन्शन: टक्के, दाखले आणि अडीच हजार रुपये



हॉस्पिटलची नोकरी सोडल्यावर काही वर्षं मी नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात एका आजींची शुश्रूषा करायला जात होते. त्याच वाड्यात धुणीभांडी करायला एक मावशी यायच्या, दांडेकर पुलाच्या वस्तीतून, रोज पायी. आजींची कूस बदलताना, पाठीला पावडर लावताना त्या दारात उभ्या राहून बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "सिस्टर, माझ्या पोराचं पण मी असंच सगळं करते. बावीस वर्षांचा आहे."

मी विचारलं, "त्याचा पगार चालू आहे का?"

"त्याला कोण कामावर ठेवणार?"

पगार म्हणजे संजय गांधीचा पगार, असं मला सांगावं लागलं. आपल्या वस्त्यांत या अनुदानाला सगळे पगारच म्हणतात. मावशींना ते ठाऊक होतं, पण तो पगार फक्त विधवांना मिळतो अशी त्यांची समजूत होती. त्या स्वतः विधवा. स्वतःसाठीही कधी अर्ज केलेला नव्हता, कारण "कोण हेलपाटे घालणार, खाडा झाला की पैसे कापतात."

आरोग्याच्या पानावर पेन्शनची माहिती कशाला, असं कुणाला वाटेल. चौदा वर्षं वॉर्डात काढल्यावर मला एवढं कळलं की पेशंट घरी गेल्यावर त्याचं काय होतं हे औषधापेक्षा घरातल्या पैशावर जास्त ठरतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे डायपर, पट्टी, दूध, रिक्षा हा सगळा खर्च मेडिकलच्या बिलात येत नाही. तो घरातल्या बाईच्या कमरेवर येतो.

हे पैसे कुणाच्या दयेचेही नाहीत. आपल्या संविधानाचं कलम ४१ सांगतं की बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत माणसाला सरकारी साहाय्य मिळावं, त्यासाठी राज्याने आपल्या ऐपतीत तरतूद करावी. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये सुरू झाली. तिच्यात विधवा, परित्यक्ता, कॅन्सर-क्षयासारख्या मोठ्या आजारांचे रुग्ण आहेत, तसेच अपंगत्व असलेले स्त्री-पुरुषही आहेत. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' असा शब्द असतो. मला तो शब्द फारसा आवडत नाही. मावशींच्या मुलात दिव्य काही नाही, त्याला मदतनीस हवा आहे. पण अर्जात तोच शब्द भरायचा आहे, म्हणून इथे दोन्ही वापरते.

किती मिळतात

२०१९ पर्यंत या योजनेत महिन्याला ६०० रुपये मिळत. त्या वर्षी ते १,००० झाले, २०२३ मध्ये १,५०० झाले. दिव्यांगांना आणि इतरांना रक्कम सारखीच होती. आता बघा, २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा (लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला) त्याच्या कलम २४ मध्ये म्हणतो की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांग व्यक्तीला इतरांपेक्षा निदान २५ टक्के जास्त मिळालं पाहिजे. म्हणजे इतरांना १,५०० असतील तर दिव्यांगाला किमान १,८७५. कायदा लागू होऊन आठ वर्षं झाली तरी हा फरक मिळत नव्हता. संघटना मोर्चे काढत राहिल्या. २०२५ च्या जूनमध्ये बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं, त्यात दिव्यांगांना महिना ६,००० ही एक मागणी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी रक्कम २,५०० केली. वर्षाचे ३०,०००. बाकीच्यांचे १,५०० तसेच राहिले.

इथे एक गोष्ट नीट वाचा, कारण यात आपल्या बायका मागे राहतात. वाढ मिळते ती 'दिव्यांग' म्हणून नोंद असलेल्याला. एखादी ताई पायाने अधू आहे, पण दहा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर तिचा अर्ज विधवा म्हणून भरला गेला, तर तिची नोंद विधवा म्हणूनच राहते आणि १,५०० च येत राहतात. तिने अपंगत्वाचं कार्ड घेऊन शाखेत जाऊन नोंद तपासावी आणि बदलून मागावी. पासष्टाव्या वर्षीही असंच होऊ शकतं. ६५ पूर्ण झाले की माणूस संजय गांधीतून श्रावणबाळ योजनेत जातो. श्रावणबाळमधल्या दिव्यांगांनाही २,५०० च आहेत. पण नोंद नुसती 'वृद्ध' अशी झाली तर हजार रुपये गेले.

केंद्र सरकारची वेगळी योजना आहे, इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन. ती २००९ ची. तिला ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व लागतं, वय १८ ते ७९ आणि दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव. केंद्र त्यात देतं महिना ३०० रुपये, आणि हा आकडा २०१२ पासून हललेला नाही. तीनशे रुपयांत आज काय येतं ते तुम्हाला सांगायला नको. वरची भर राज्य घालतं. त्यामुळे ८० टक्केवाल्याला दोन्हीकडून दुप्पट मिळतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

टक्के म्हणजे काय

संजय गांधीसाठी निदान ४० टक्के अपंगत्व लागतं. हे टक्के पोटाच्या भुकेचे नसतात आणि डॉक्टरच्या मर्जीचेही नसतात. केंद्र सरकारने प्रत्येक प्रकारासाठी मोजायची पद्धत ठरवून दिली आहे. त्या मोजणीत कधी आपल्याला पटणार नाही असं निघतं. एका डोळ्याने अजिबात दिसत नाही पण दुसरा डोळा चांगला आहे, तर ३० टक्केच धरतात, पेन्शन बसत नाही. ऐकण्याचं अपंगत्व दोन्ही कानांचं बघतात. मतिमंदत्वात, ज्याला आता बौद्धिक अक्षमता म्हणतात, मानसशास्त्रज्ञ चाचणी घेतात. पक्षाघात झाला की दुसऱ्या आठवड्यात दाखल्याला धावू नका. हातापायात किती ताकद परत येते हे कळायला काही महिने लागतात, तोवर बोर्ड थांबायलाच सांगतं. तो वेळ फिजिओथेरपीला द्या.

जुन्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. हे वस्तीत फार थोड्यांना माहीत आहे. मानसिक आजार, पार्किन्सन, ऑटिझम, बरा झालेला कुष्ठरोग, ॲसिड हल्ला, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे सगळे त्यात आले. सिकलसेलबद्दल मुद्दाम सांगते. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडून पुण्यात कामाला आलेली आपली बरीच कुटुंबं आहेत आणि तिकडे आपल्या समाजात हा आजार पुष्कळ आहे. मूल सारखं सांधे दुखतात म्हणून रडतं, रक्त चढवावं लागतं, शाळा बुडते, आणि आईबापाला वाटतं हा आजार आहे, अपंगत्व थोडंच आहे. कायद्याने ते अपंगत्व आहे. नुसता वाहक असेल तर दाखला मिळत नाही, वाहक आजारी नसतो.

मानसिक आजाराचा दाखला काढायला घरचे कचरतात. पोरीचं लग्न मोडेल, लोक वेडी म्हणतील. मी कुणाला जबरदस्ती करत नाही. एवढंच सांगते की कार्ड कपाटात ठेवता येतं, ते गळ्यात घालून फिरायचं नसतं.

कार्ड

आता अपंगत्वाचा दाखला आणि ओळखपत्र ऑनलाइनच निघतं. त्याला यूडीआयडी कार्ड म्हणतात. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, फोटो आणि आधार जोडायचा, सरकारी रुग्णालय निवडायचं, मग तपासणीला जायचं. पुण्यात ससून आणि औंधचं जिल्हा रुग्णालय इथे तपासणी होते. कोणत्या वारी डोळ्यांचे डॉक्टर, कोणत्या वारी हाडांचे, हे आदल्या दिवशी कुणाला तरी पाठवून विचारा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रिक्षात घालून नेलं आणि त्या दिवशी बोर्डच नव्हतं, असं मी पुष्कळदा पाहिलंय. मी जिथे नोकरीला होते तिथेही खिडकीवरचा माणूस "पुढच्या बुधवारी या" म्हणून तीन शब्दांत अख्खं कुटुंब परत पाठवायचा. मी आतून बघायचे. त्यातले किती जण पुढच्या बुधवारी आले असतील?

जाताना जुने केसपेपर, एक्स-रे, ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद, कान-डोळ्याचे जुने रिपोर्ट सगळं न्या. पाच वर्षांपूर्वीचा कागद फेकायचा नसतो. कार्डाला रंग असतो: ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. पांढरं कार्ड आलं तर रडत बसू नका. मोजणी चुकली असं वाटत असेल तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. दाखल्यावर 'तात्पुरता' लिहिलंय का तेही बघा. तात्पुरता असेल तर त्याची मुदत संपायच्या आधी पुन्हा तपासणी करून घ्यायची, नाहीतर पेन्शन मध्येच थांबते.

मावशींच्या मुलाचा दाखला २००९ मध्ये काढलेला होता. ७५ टक्के. पण २७ सप्टेंबर २०१८ ला जनता वसाहतीजवळ मुठेचा कालवा फुटला आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी शिरलं तेव्हा पत्र्याची पेटीच वाहून गेली. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, मुलाचे कागद, सगळं. आधार आणि रेशनकार्ड त्यांनी पुन्हा काढलं. मुलाचं राहून गेलं. "आता परत कुठून सुरू करू?" म्हणून त्यांनी सात वर्षं काहीच केलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात आम्ही सुरुवात केली. नवीन अर्ज, नवीन चाचणी, पुन्हा ७५ टक्के, पिवळं कार्ड. मावशी म्हणाल्या, "पाच टक्के कमी पडले का हो?" मी म्हटलं, काही कमी पडले नाहीत, संजय गांधीला चाळीस पुरतात आणि पैसे तेवढेच आहेत. एक फायदा आता झाला. कार्ड सरकारच्या संगणकात आहे, पुन्हा कालवा फुटला तरी छापून मिळेल.

उत्पन्नाचा दाखला

माझ्या अनुभवात टक्क्यांवर अर्ज फारसे अडत नाहीत, ते इथे अडतात. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. इतरांसाठी ती २१,००० आहे, त्या मानाने बरी म्हणायची. ५०,००० म्हणजे महिन्याला ४,१६६. चार घरची धुणीभांडी करणारी बाई याच्या वर जाते. बांधकामावरचा मजूर महिन्यात दहा-बारा दिवस काम मिळालं तरी वर जातो. लाडकी बहीण योजनेला याच सरकारने अडीच लाखांची मर्यादा ठेवली. म्हणजे लाखभर कमावणाऱ्या घरातल्या धडधाकट बाईला १,५०० मिळतात आणि त्याच घरातल्या लुळ्या मुलाला काहीच नाही. ही मर्यादा बदलली पाहिजे. जयंतीच्या मंडपात निवेदनं देताना आपण रस्ता, गटार, पाणी लिहितो, त्यात ही ओळ कधी दिसत नाही.

लाडकी बहीणचं निघालं आहे तर तेही सांगते. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० किंवा जास्त मिळणाऱ्या बाईला ती योजना लागू नाही. दिव्यांग ताईने दोन्हीकडे नाव ठेवून बसू नये. हिशेब सरळ आहे, २,५०० मोठे आहेत.

मावशींचा पहिला अर्ज इथेच अडला. एजंटाने तीन वर्षांपूर्वी काढून दिलेला दाखला त्यांच्याकडे होता, त्यावर ९६,०००. तेव्हा त्या पाच घरी काम करत आणि ते खरंही होतं. मधल्या काळात गुडघे गेले. आता दोनच घरं उरलीत, महिना ३,८००, वर्षाचे ४५,६००. दाखला मात्र जुनाच जोडला. कुणी त्यांना सांगितलं की "बाई, शून्य लिहून आणा, मी करून देतो, हजार रुपये द्या." मी नको म्हटलं. खोटा दाखला उद्या पडताळणीत सापडला तर पगार बंद होतो आणि वसुलीची नोटीस येते. नव्याने खरा दाखला काढला. तलाठ्यासमोर काम देणाऱ्या दोन्ही घरांची नावं सांगितली. नारायण पेठेतल्या आजींच्या सुनेने तर कागदावर लिहून दिलं की आम्ही एवढा पगार देतो. मला वाटलं नव्हतं ती देईल.

अर्ज कुठे आणि कसा

अर्ज तहसीलदार कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत करायचा. पुणे शहराची मामलेदार कचेरी खडकमाळ आळीत आहे. उमाजी नाईकांना १८३२ मध्ये फाशी दिली ती हीच जागा, रांगेत उभं राहिल्यावर पोराबाळांना दाखवा. तुमचा भाग हवेली तालुक्यात येतो की शहरात, हे आधी विचारून घ्या, नाहीतर अर्धा दिवस चुकीच्या रांगेत जातो. लागतं ते असं: अपंगत्वाचं कार्ड, आधार, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, फोटो आणि महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा. सोलापूर, लातूर, धाराशिवहून आलेल्यांनी गावचे कागदही जोडावेत, तेही महाराष्ट्रातच आहेत. जातीचा दाखला ही पात्रतेची अट नाही. अर्जात प्रवर्ग विचारतात, कारण अनुसूचित जाती, जमाती आणि सर्वसाधारण यांचा पैसा वेगळ्या लेखाशीर्षातून येतो. 'बौद्ध' लिहिलं म्हणून अर्ज बाद होईल ही भीती काढून टाका.

अर्ज दिला की पोच घ्या. शिक्का, तारीख, सही. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. पुढे समितीच्या बैठकीत तो मंजूर किंवा नामंजूर होतो. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. कुणी काहीच सांगत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्याला आणखी एक सोय आहे, राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच, चर्च रोडला आहे. तिथे लेखी तक्रार नेऊन देता येते.

मंजूर झाल्यावर पैसे आधार जोडलेल्या खात्यात थेट येतात. "पैसे आलेच नाहीत" म्हणून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे पैसे आलेले असतात, दुसऱ्या खात्यात. शेवटचं जे खातं आधारला जोडलं गेलं तिकडे ते जातात. मग कधीतरी मोबाइलच्या दुकानात उघडलेलं खातं आठवतं. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो चुकवू नका. आणि महापालिकेला आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात, त्यातून तिच्या वेगळ्या योजना चालतात. समाज विकास विभागात जाऊन कार्ड दाखवा आणि आमच्या टक्क्यांना काय बसतं ते विचारा.

मावशींच्या मुलाचे पहिले २,५०० फेब्रुवारीत आले. त्यांनी पासबुक भरून आणून मला दाखवलं आणि लगेच दुसरं विचारलं, "माझ्यामागे हा पैसा कोण काढणार? भाऊबंद खाऊन टाकतील."

हा प्रश्न खरा आहे. मतिमंद मूल अठरा वर्षांचं झालं की आईसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, अर्ज तिथे करायचा. त्याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. मावशींनी आता स्वतःचं नाव दिलंय. आपल्यामागे पालक म्हणून कोण, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. धाकटी मुलगी सासवडला दिली आहे, तिच्याशी बोलून सांगते म्हणाल्या.